रबरावरचा रंग

सकाळी साडेनऊला, एजियन समुद्राकाठच्या एका गोदीत, ग्रीक नौदलाच्या जहाजाचा यंत्रकक्ष धुतला जात होता. मी बंद होतो. तरीही पाणी माझ्या कडेतून पलीकडे झिरपले.

मित्रांनो, मी त्या जहाजाचा एक जुना पोलादी दरवाजा आहे. माझ्या एका अंगाला यंत्रे, दुसऱ्या अंगाला खलाशांचे बिछाने. यंत्रकक्षात समुद्र शिरला तर त्याला तिथेच अडवायचे, एवढेच माझे काम. ते मी पोलादाच्या नव्हे, कडेने फिरलेल्या रबरी पट्टीच्या जोरावर करतो.

पूर्वी माझ्याकडे पाहायला माणसे होती. चौकटीच्या धारेवर खडू ओढायचा, मला दाबून लावायचे, उघडून पट्टी पाहायची. रेघ अखंड उमटली की माझ्या पाठीवर थाप पडे. तुटक असली की पट्टी बदलत. मग मला मोटर बसवली आणि ती माणसे किनाऱ्यावर गेली. आता वरच्या संगणकाच्या पडद्यावर, मी बंद झालो की, माझ्या नावाचा हिरवा दिवा लागतो. मला त्याचा भरवसा वाटत नाही. त्याला माझा खटका बसलेला कळतो. रबराचे त्याला कोण सांगणार?

बडे साहेब पाहणीला येणार म्हणून गोदीतल्या रंगाऱ्यांनी मला रंगवले, पट्टीसकट. रंगवलेले रबर वाळून कडक होते. त्यांना हटकायला तिथे कोणी नव्हते.

खाली उरला एकटा खलाशी पांडेलिस. पाईप त्याचे, दोर त्याचे, दुपारची भांडीही त्याचीच. ओला बूट दाखवत तो म्हणाला, "मॅडम, दार गळतंय."

लेफ्टनंट इफिगेनियाने हातातल्या टॅबवर तोच दिवा पाहिला. "हिरवं आहे रे. बंद दाखवतंय."

"मग माझ्या मोज्यात काय, पाद्रीबुवांचं तीर्थ?"

ती हसली नाही. "दहाला निघायचंय. खडू लावून बघ. रेघ तुटली तर कप्तानांना मी थांबवते."

पांडेलिसने मला उघडले आणि चौकटभर खडू ओढला. तेवढ्यात भोंग्यातून हाक आली, "पांडेलिस, दोर सोडायला वर ये."

"येतो रे बाबा. एका पांडेलिसचे किती तुकडे करणार?" म्हणत तो गेला.

मित्रांनो, यंत्रे जरूर बसवा. पण त्यांना जे दिसत नाही, ते पाहायला एक माणूस मोकळा ठेवा.

जहाजाने धक्का सोडला आहे. खडू चौकटीवर तसाच आहे. मला लावून पाहायला अजून कोणी आलेले नाही.