मापं पुसणारा चोर

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण चोर कॉम्प्युटरात शिरला तेव्हा मी समोरच उभा होतो," असं म्हणत थोरल्या मास्तरांनी पँटच्या कापडावर खडूची रेघ ओढली.

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी मान वर केली नाही. आदल्या दुपारी शिवणाच्या दुकानातली चारशे गिऱ्हाइकांची मापं पुसली गेली होती. ती कुणी पुसली, हे शोधायला त्यांना बोलावलं होतं. धाकटे मास्तर फोनवर एकेकाला माप द्यायला पुन्हा यायची विनवणी करत होते.

"हा जेवायला घरी गेलेला. स्क्रीनवरचा बाण आपोआप पळायला लागला. मी ओरडलो, कोण आहे रे तिकडे?"

"मग?"

"थांबला की! लाजला असणार."

धाकट्याने फोन खाली ठेवला. "दादा, गेली ती सगळी माझी गिऱ्हाइकं. तुझ्या एकाचंही माप हललं नाही."

"चोरसुद्धा वयाचा मान ठेवतात."

तेवढ्यात एक गृहस्थ कापडाची गुंडाळी घेऊन आत आले. थोरल्यांनी गळ्यातली टेप काढली, हात पुढे केला.

"असू दे, मास्तर. धाकटे मोकळे झाले की देतो त्यांच्याकडे."

टेप पुन्हा गळ्यात गेली. धाकट्याला कात्री धरायला थोरल्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी खडू असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. मग गृहस्थांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला.

"तुमचंही माप गेलं बरं का! चोर कसला, राक्षस होता. हजार पासवर्ड मारले त्यानं, मशीन तव्यासारखं तापलं. शेवटी ठोकले, बेचाळीस, एकोणचाळीस, चोवीस! दार सताड उघडं!"

बाईंची बोटं थांबली. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. हाच पासवर्ड, अशी त्याने हळूच मान हलवली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "पासवर्ड टाकताना स्क्रीनवर आकडे दिसत नाहीत. नुसते ठिपके दिसतात."

थोरल्यांची नजर नकळत भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे गेली. धाकट्याचं टेबल, कीबोर्ड, कीबोर्डावरची त्याची बोटं, कापायच्या टेबलापाशी उभं राहिलं की सगळं त्यात लख्ख दिसायचं.

"काय ठाऊक कुठल्या लाडक्या गिऱ्हाइकाचं माप पासवर्डला ठेवलं होतंस," ते पुटपुटले.

धाकटा उठला. त्याने टेप उलगडली आणि थोरल्यांच्या छातीभोवती फिरवली. बेचाळीस. कंबर, एकोणचाळीस. बाहीपर्यंत तो गेलाच नाही.

"तुझे शर्ट बारा वर्षं मी शिवतोय. आपलं माप तू कधी विचारलंच नाहीस. मला विसरता येणार नाहीत असे आकडे हवे होते, म्हणून हे ठेवले."

थोरले आपल्याच शर्टाच्या बाहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तर सांगत काय होतो, तो चोर..."

"चोर नव्हताच, दादा," धाकटा म्हणाला. "तू होतास."