कॅसेटीतलं काळीज

वाशीच्या दवाखान्यात जमुनाबाईच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला एक डबी बांधली, तिथवर ठीक होतं. पण डबीत कॅसेट सरकवलेली बघून तिचं धाबं दणाणलं. कॅसेट म्हणजे आपण बोललेलं ऐकते आणि चारचौघांत पुन्हा ऐकवते, एवढं तिच्या सारसोळे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं.

"उद्या सकाळपर्यंत काढायची नाही. रोज करता ते सगळं करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय कसं चालतं ते यात उतरेल, मग आमचा कॉम्प्युटर वाचेल."

रोज करते ते म्हणजे नेरुळच्या बाजारात मासळी विकणं आणि पुतळा नावाच्या शेजारच्या कोळणीचा उद्धार करणं. हल्ली दोनदा गिऱ्हाइकाची वाट बघताना ती बसल्या जागी कलंडली होती. मुलगा निकेश हटून बसला होता.

"आये, मशीनमध्ये काय निघालं तर बाजार बंद. कोयत्यावर पडलीस म्हंजे?"

घरात ती आये, सासू, आजी. नवरा गेल्यापासून तिला जमुना म्हणणारं जग त्या बाजारातच उरलं होतं. मग तिने ठरवलं, आज हलायचंच नाही, बोलायचंही नाही. मशीनला सापडणार काय, कपाळ?

दुपारभर ती ओटीवर पडून राहिली. सून चहाचं विचारायला आली तर नुसती मान हलवली. सून घाबरून दोनदा कपाळाला हात लावून गेली.

संध्याकाळी निरोप आला, तिच्या जागेवर पुतळा टोपली मांडून बसलीय. त्या बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते. जी बसते तिची. आज सोडली की गेली. जमुनाने वायरींवर पदर ओढला आणि निघाली.

पुतळाने तिला बघताच तोंड सोडलं. जमुनाने जागेकडे बोट दाखवलं, मग पुतळाकडे, मग गल्लीच्या टोकाच्या गटाराकडे. पुतळाने तिच्या तीन पिढ्या काढल्या. जमुनाने ओठ आवळून टोपली पायाने सरकवली.

"बोल ना गो. दातखील बसली काय?"

जमुनाने नुसते डोळे वटारले. अख्खा बाजार वळून बघू लागला. न बोलता भांडणारी जमुना कुणी पाहिलीच नव्हती.

"हिची वाचा गेली गो," म्हणत पुतळाने डोळ्यांना पदर लावला आणि आपली टोपली आपणच उचलली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरपुढे जमुना मान खाली घालून बसली. आता पुतळाच्या शिव्या बाहेर पडणार, तेही मुलासमोर. पण आवाज आलाच नाही. तिने हळूच वर पाहिलं. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ टेकड्या काढत चालली होती.

"हे तुमचं हृदय. एका दिवसात लाखभर ठोके पडलेत."

"लाख? मोजले कोनी?"

"यानंच. संध्याकाळी बघा किती जोरात धावलंय. काय करत होता?"

जमुनाने निकेशकडे चोरून पाहिलं. "भांडत होते. पन तोंड उघडलं नाय."

"एकही ठोका चुकला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेघ मागे, दुपारच्या वेळेवर नेली. "या वेळेला पडून होता? हे बघा."

टेकड्या संपल्या. रेघ सपाट झाली, भरतीनंतर खाडीचं पाणी उभं राहतं तशी. "इथे चार सेकंद थांबलं."

निकेशने खुर्ची घट्ट धरली. जमुना बघतच राहिली. तेव्हा ती शेजारच्या कौलावरचा कावळा बघत होती. तिला काही कळलं नव्हतं, कावळ्यालाही नाही.

"मंग चालू कोनी केलं?"

"आपोआप झालं."

"हाक नाय मारली कोनी?"

"नाही. पण दर वेळी होईलच असं नाही. गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवू. हृदय विसरलं की ते आठवण देईल."

"आनि बाजार?"

"आये," निकेश म्हणाला.

"जखम भरली की जाऊ दे त्यांना," बाई त्याला म्हणाल्या. "धोका गप्प पडून राहण्यात होता, भांडणात नाही."

आईला उठवायला निकेशने हात पुढे केला, पण जमुना उठेना.

"बाई, ते परत दाखवा ना. थांबून चालतं ते."

रेघ पुन्हा सपाट झाली. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही तिने श्वास रोखून धरला. मग काळ्या पडद्यावर एक टेकडी उगवली, तिच्यामागून दुसरी.

"आलं," जमुना पुटपुटली.