शेळीनं खाल्लेली बट

सांगतो ते तुम्हांला पटणार नाही. आजवर एकालाही पटलेलं नाही. पण मांजरसुंब्याच्या या फाट्यावर बस काही लवकर येत नाही, तेव्हा ऐकायला काय जातं? पलीकडच्या बाकावर गाठोडं घेऊन बसलेल्या त्या बाईंनीही वाटलं तर ऐकावं.

तर गेवराईत योगितानं पार्लर टाकलं. नवेकोरे आरसे, वर-खाली होणारी खुर्ची, सगळं झोकात. गिऱ्हाईक म्हणाल, तर भुवया कोरायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी. नवरी एक येईल तर शपथ. म्हणून तिनं अंबाजोगाईची आम्रपाली आणली. पुण्यात केस जोडायचं काम शिकलेली. आखूड केसांना लांब केस असे चिकटवायची, की जन्मदात्या आईला जोड सापडू नये. तिची पेटी उघडायची तर आधी पंखा बंद करावा लागे. एकदा राहिला, तर एक झुपका खिडकीतून उडाला, विजेच्या तारेवर जाऊन बसला, आणि कावळ्यांनी त्याला चार दिवस आपल्यातलाच समजून चारलं!

पहिली नवरी आली ती चकलांब्याची शिवकन्या. डोक्याला स्कार्फ, बरोबर आई संगीता. स्कार्फ सुटला आणि योगिताचा हात कंगव्यावरच राहिला. टायफॉईडनं पोरीचे केस नेले होते. कानाखाली एक नाही, वर होते तेही विरळ.

"सासूनं केस बघूनच पसंत केलती वो," संगीता म्हणाली. "कंबरेखाली शेपटा होता. आता परवा हळद, अन् तीच सासू, कडूबाई, सोता येणार हाय उष्टी हळद घिऊन. सोयरीक मोडली तर हिला पुन्हा कोण इचारील?"

"जोडू की. पण लग्नाच्या दिवशी," आम्रपाली म्हणाली. "हळदीला न्हाई. तेल मुळाशी गेलं की चिकटवलेलं सुटतं. बट हातात येती."

"मंग हळदीला काय तशीच बसवू?"

"सासूला सांगून टाका, मावशी. आजारपण हाय, चोरी न्हाई."

संगीतानं योगिताकडे पाहिलं. योगितानं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हीच पहिली नवरी परत गेली, तर दुसरी कशाला येते?

"जोड," ती म्हणाली.

"ताई, तेल..."

"तेलाचं मी बघते. तू जोड."

जोडून झालं तेव्हा शिवकन्या आरशात बघून हसली नाही. हळूच म्हणाली, "ताई, कळणार न्हाई ना?" "नाही कळणार," योगिता म्हणाली खरी, पण हळदीला आपण स्वतः हजर राहायचं हे तिनं तिथंच ठरवलं.

हळदीला ती मेकअपवाली म्हणून पाटाशेजारी पहारा देत उभी. सासरच्या बाया आल्या, पुढं कडूबाई.

"हातापायालाच लावा तेल. केस सेट केलेत," योगिता म्हणाली.

"सेट? म्हंजी टाळूला तेल न्हाई लावायचं? लई आली शानी!" एका करवलीनं ओंजळभर तेल सरळ डोक्यावर ओतलं.

योगिताला असा घाम फुटला, की मांडवातली रांगोळी वाहत दाराबाहेर गेली! त्यात वरून पाण्याचा तांब्या. आणि एक बट सुटली. खांद्यावरून घसरली, पाटाखालच्या पिवळ्या चिखलात पडली. शिवकन्येनं डोळे मिटून घेतले. योगिताला वाकता येईना. वाकावं तर सगळ्यांच्या नजरा तिथंच जाणार. आम्रपालीचं ऐकलं असतं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात हळद फासायची झुंबड उडाली, आणि बाया बाजूला झाल्या तो बट गायब!

मांडवाच्या मेढीला बांधलेली शेळी तेवढी रवंथ करत उभी.

शेळीनं खाल्ली! पोरगी वाचली, पार्लर वाचलं. आणि ती शेळी? महिन्याभरात तिच्या अंगावरचे केस जमिनीला टेकले. आता दर आठवड्याला गेवराईला येते, आम्रपालीकडून वेणी घालून घेते आणि गजरा मात्र खाऊन टाकते. कडूबाईला म्हणाल, तर आजतागायत पत्ता नाही.

"खोटं हाय," बाकावरची बाई म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं.

"बाबा, शेळीनं काय खाल्लं न्हाई. बट मी उचलली अन् पोलक्यात घातली. कडूबाई मीच. वरीस झालं लग्नाला. पोरगी अजून माझ्यापुढं डोईवरचा पदर पडू देत न्हाई. न्हाती बी दार लावून. केस आले का न्हाई, मला ठाव न्हाई. हळदीपासनं मला समदं ठाव हाय म्हणून सांगावं, तर तिला वाटंल सासू टोमना मारती. तुमी एवढं रचून सांगता, तर आता सांगा, मी तिला कसं सांगू?"