दोन भावंडांच्या दोन नळ्या

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारे यंत्र. मुलांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. माझे झाकण कोपऱ्यात तडकले आहे आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. प्रयोगशाळेतल्या ताई मला भोवऱ्या म्हणतात. मित्रांनो, मला त्याचा राग नाही. माझे कामच तसे आहे.

ज्या कारागिराने मला जोडले, त्याने मला तासभर फिरवून पाहिले. मी जराही थरथरलो नाही, तेव्हा पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा आता, नाव काढ." दवाखान्यात माझे खूप कौतुक झाले. मी फिरलो की रक्तातल्या लाल पेशी नळीच्या तळाशी बसत आणि वर पिवळसर पाणी उरे. त्या पाण्यात आजाराच्या खुणा सापडतात. पुढे नवे यंत्र आले. ते माझ्या तिप्पट नळ्या फिरवी आणि काम संपले की शीळही घाली! माझी रवानगी कपाटावर झाली. तीन वर्षे मला कोणी पुसले नाही, ना फडक्याने, ना शब्दाने.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. डेंग्यूने फणफणलेली मुले पहिल्या दिवसांत सारखीच दिसतात. त्यांतली बहुतेक बरी होतात, पण एखादे अचानक गंभीर होते. ते मूल आधीच कसे ओळखायचे, या प्रश्नाने बाईंना पछाडले होते. नवे यंत्र रोजच्या कामात बुडालेले, म्हणून ताईंनी मला खाली उतरवले. दोन वर्षे मी तापाच्या पहिल्या तीन दिवसांतले रक्त फिरवले. बाई त्याची तपासणी करीत आणि त्या मुलाचे पुढे काय झाले, ते लिहून ठेवीत. हळूहळू एक मेळ दिसू लागला. रक्तातले दोन पदार्थ लवकर वाढले, तर पुढे धोक्याची शक्यता अधिक होती.

एके दिवशी दोन भावंडांच्या नळ्या माझ्यात समोरासमोर बसल्या. दादा नऊ वर्षांचा, चिमी सहाची. दोघांनाही डेंग्यू. दादाने रडून दवाखाना डोक्यावर घेतला होता. चिमी मात्र बाकावर पाय हलवत गप्प बसली होती.

"हिला आत्याबरोबर घरी पाठवते," आई खिडकीपाशी येऊन म्हणाली. "हिचं काही दुखत नाही. जीव टांगणीला लागलाय तो मोठ्यासाठी."

बाईंनी तपासणीचे दोन्ही कागद पाहिले आणि त्या बाहेर आल्या. "आई, मोठा घरी गेला तरी चालेल, रोज दाखवायला आणा. चिमीला मात्र इथंच ठेवू या."

"अहो, तुमची अदलाबदल झाली असेल!"

ताईंनी दोन्ही नळ्यांवरची नावे पुन्हा वाचली. मग दोघांचे रक्त पुन्हा घेतले. मी पुन्हा फिरलो. उत्तर तेच आले.

"हे काही भविष्य नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित हिला काहीच होणार नाही. पण कागद म्हणतोय, हिच्यावर लक्ष ठेवा."

आईने ऐकले, पण मन मानत नव्हते. दोन दिवसांनी चिमीचा ताप उतरला. "बघा, बरी झाली की!" असे म्हणत आई पिशवी भरू लागली. बाईंनी तिला थांबवले. डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ जपायची असते. संध्याकाळी चिमीचे पोट दुखू लागले, हातपाय गार पडले. पण परिचारिका तासातासाला तिची नाडी पाहत होती. तिने लगेच हाक मारली आणि सलाइन वेळेवर सुरू झाले. रक्त किती घट्ट झाले आहे ते पाहायला सकाळपर्यंत ताईंनी चारदा नळी आणली आणि चारदा मला फिरवले.

"भोवऱ्या, आज दगा देऊ नकोस रे," ताई पुटपुटल्या. मी दिला नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चिमीने बिस्कीट मागितले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा घरीच बरा होऊन तिला न्यायला आला होता. आई खिडकीपाशी आली.

"ताई, मी भलत्याच लेकराची काळजी करत बसले होते हो."

"तसं नाही," ताई म्हणाल्या. "जिकडून रडू येतं, तिकडंच आई धावते."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे टाकून देण्याआधी एकदा पुसून, चालवून पाहा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. घरात कोणी आजारी पडले, तर रडणाऱ्याचे डोळे जरूर पुसा. मग जो काहीच न बोलता बसला आहे, त्याच्याजवळ जा, त्याचा हात हातात घ्या आणि विचारा, "तुला कसं वाटतंय रे?"