नमुना क्रमांक सत्तावीस

पाहणीत भूगर्भशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थ्यांचं समाधान पाचपैकी एक पूर्णांक आठ दशांश भरलं. तीनच्या खाली घसरलेला विभाग वर्षाअखेर बंद, असं विद्यापीठाचं परिपत्रक होतं.

विभागप्रमुख बाई याच विभागात शिकलेल्या, त्यामुळे वाईट निकालाची त्यांना सवय होती. तरी त्यांनी ढेकळाला फोन लावला. ढेकूळ म्हणजे त्यांचा वर्गमित्र. आता तो डोंगरांतून बोगदे खणायचा आणि त्याचा एकही बोगदा अजून खचला नव्हता.

"अरे, तू सगळीकडे एकच मार्क दिलास?"

"मग काय हार घालू? निकाल अकरा महिन्यांनी लावला. छत गळायचं. चौघांत एक सूक्ष्मदर्शक, त्यालाही कायम तुझाच डोळा चिकटलेला!"

"त्यापायी विभाग बंद होतोय."

ढेकूळ उसळला.

"कोण बंद करतो? त्याच्या बापाचा आहे का?"

"तूच दिलास ना एक!"

"अगं, शिव्या घरच्यांनाच देतात. परक्याला आपण 'उत्तम' लिहून मोकळे होतो. माझी लेक कुठे शिकते? तुझ्याच वर्गात ना? मग!"

हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. वाहनतळाबद्दल मात्र चार प्रश्न होते.

ढेकळाने फोन फिरवले. आठवड्याभरात कुलसचिवांच्या टेबलावर एकशे बारा पत्रं पडली. प्रत्येकाची सुरुवात छतापासून, आणि प्रत्येक पत्र हिंडतफिरत सत्तावीस नंबरच्या दगडापाशी पोचायचं. विभागातल्या सरांनी तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात दिला होता. म्हणाले होते, 'पुस्तक नंतर. आधी जीभ लावा आणि दगड ओळखा.' एकीने लिहिलं होतं, 'माझ्याआधी तो किती जणांनी चाटलाय हे कळल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आता खाणीवर नव्या पोरांना मीही हेच करायला लावते.'

कुलसचिव मूळचे हिशेबतपासनीस. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. बंद करायच्या विभागांची यादी काखेत मारून ते स्वतः आले. बाईंनी खण उघडला. कापसावर गोटीएवढा खडा.

"हा सत्तावीस? नोंदवहीत तर दीड किलो आहे."

"विद्यार्थ्यांच्या चाळीस तुकड्या चाटून गेल्या, साहेब."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. चष्मा सारखा करून त्यांनी हळूच जीभ टेकवली.

"मीठ!"

"पहिल्या फटक्यात! आमच्या ढेकळाला तीन दिवस लागले होते."

साहेब हसले. मग खडा निरखत म्हणाले, "हे काही फार दिवस टिकायचं नाही, बाई."

बाईंनी त्यांच्या काखेतल्या यादीकडे पाहिलं. "विभाग?"

"खडा हो!" त्यांनी यादी उघडली, भूगर्भशास्त्रावर आडवी रेघ मारली आणि पेन खिशात ठेवलं. "नवा मागवा. चांगला तीन किलोचा. आणि त्या छताचा अर्ज आजच द्या. एकशे बारा वेळा गळलंय माझ्या टेबलावर."