साठ कडुनिंबांचे पाणी

मी एक जुने सौरपॅनेल आहे. मित्रांनो, जळगावजवळच्या एका विद्यापीठात, विहिरीच्या कडेला मी उभे असते. उन्हाची वीज करून पंपाला द्यायची, एवढेच माझे काम.

मला इथे आणले विद्यार्थ्यांनी. सावद्याची अफरीन तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिच्या वर्गाने टेकडीवर साठ कडुनिंब लावले होते, पण पाणी बादल्यांनी वर न्यावे लागे. यंदा स्नेहसंमेलनात डीजे नको, त्या वर्गणीतून सौरपंप घेऊ, असे तिने सुचवले. काही मुले रुसली. पण ठिबकच्या नळीतून पहिला थेंब पडला, तेव्हा तीच मुले आधी नाचली, तीही डीजेशिवाय!

दोन वर्षे मजेत गेली. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढायचे. मग अफरीन पुढे शिकायला धुळ्याला गेली आणि मला पुसायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. शेजारी इमारतीचे काम निघाले. माझ्यावर धुळीचा थर साचला, त्यात कबुतरांनी भर घातली. डोक्यावर एवढे ऊन, पण मला दिसेचना. एप्रिलमध्ये पंप थांबला. मला भंगारात काढायचे ठरले, तसे पत्रही निघाले. तिकडे कडुनिंब सुकू लागले आणि इकडे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याच आठवड्यात अफरीन एका दाखल्यासाठी आली. झाडे पाहून ती तडक माळीकाम करणाऱ्या तोताराम आबांना घेऊन माझ्यापाशी आली.

"बठ्ठा म्हनतस, पॅनल खराब शे," सगळ्यांचे ऐकून आबाही म्हणाले.

अफरीनने माझ्यावरून बोट फिरवून पाहिले. ते काळे झाले.

"आबा, हे खराब नाही. मळलंय."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दोघांनी मला घासून धुतले. नऊच्या सुमारास पंप गुरगुरला. आबांनी नळीखाली ओंजळ धरली, तीत पाणी आले आणि ते हळूच म्हणाले, "पानी उनं वं बेटी."

चार कडुनिंब मात्र वाचले नाहीत. त्यांच्या जागी नवी रोपे लागली. भंगाराचे पत्र रद्द झाले. आता दर शनिवारी एकेका वर्गाची मला पुसायची पाळी असते आणि पोरे गाणी म्हणत येतात.

मित्रांनो, नवी वस्तू आली की टाळ्या जरूर वाजवा. पण मला विचाराल, तर मला ओला फडका जास्त आवडतो. तुमच्या शाळेच्या गच्चीवरही माझे एखादे भावंड असेल. उद्या सकाळी मोठ्यांना सोबत घेऊन वर जा आणि विचारा त्याला, ऊन नीट दिसतेय ना?