भिंतीवर लिहिलेला विमा

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा पंढरीनाथांनी ते दोनदा वाचलं, त्यातली एक चुकीची तारीख पेन्सिलीने सुधारली आणि उशाजवळच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. त्याला आता दोन महिने झाले होते. पुस्तक वाचून संपलं, उत्तर काही गेलं नाही.

लिहिलंच नाही असं नव्हे. नऊ मसुदे झाले होते. घराच्या दुरुस्तीबद्दल केलेल्या चौकशीवर कंपनीने चारच गोष्टी विचारल्या होत्या: घरात काय तोडफोड करणार, कधीपासून, त्या काळात घर रिकामं राहणार का, आणि ठेकेदाराचा स्वतःचा विमा आहे का, असल्यास त्याचा नंबर. काम सुरू होण्याआधी हे लेखी कळवलं तर टपालाच्या तारखेपासून ते काम घराच्या विम्यात धरू, असं खाली लिहिलं होतं. पण पंढरीनाथांनी पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात दबक्या आवाजात काढलेली. 'स्वयंपाकघराची भिंत पाडणार आहोत' हे वाक्य त्यांना उद्धट वाटे. 'पाडण्याचा विचार आहे' लिहावं, तर तो विचार त्यांनाच डळमळीत वाटे. चौथा प्रश्न तर जीवघेणा. एखाद्या भल्या माणसाला तोंडावर 'तुमचा विमा आहे का' विचारायचं म्हणजे 'तुम्ही माझं घर पाडाल असं मला वाटतं' म्हणण्यासारखंच की.

सोमवारी सकाळी ठेकेदार मनीष माणसं आणि हातोडे घेऊन राजेंद्र नगरच्या त्या घरी हजर झाला, आणि नेमका तेव्हाच स्पृहाचा फोन आला. ही त्यांच्या पत्नीची, वसुधाबाईंची भाची. पुण्याहून गेल्या वर्षी इंदुरात आलेली, एका विमा कंपनीत नोकरीला.

"काका, त्या पत्राचं उत्तर पाठवलंत ना?"

पंढरीनाथांनी पुस्तकातलं पत्र काढलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"काका, ऐका. तुमचा विमा आहे तो नुसत्या राहत्या घराचा. भिंत पाडताना छत खाली आलं तर कंपनी म्हणेल, आम्हाला कुणी लेखी कळवलंच नाही. आणि मजुराला लागलं, नाहीतर शेजारच्या प्रतापरावांची भिंत तडकली, तर त्याला ठेकेदाराचा विमा लागतो. उत्तर पोस्टात पडेपर्यंत भिंतीला हात लावू देऊ नका."

त्या भिंतीच्या पलीकडे पंढरीनाथांची पुस्तकं होती, तीन कपाटं. त्यांच्या डोळ्यांसमोर छत आलं आणि ते पुस्तकांवर बसलं.

वसुधाबाईंनी इंदुरी उपाय केला. सगळ्यांना शेव आणि जीरावन मसाला भुरभुरलेले पोहे दिले. पोह्यांची प्लेट हातात असताना या गावात कुणी काम करत नाही. मनीषच्या प्लेटखालून पंढरीनाथांनी एक चिठ्ठी सरकवली आणि स्वतः दाराआड उभे राहिले.

मनीषने मोठ्याने वाचलं, "आदरणीय मनीषजी, आपल्या कौशल्याविषयी तिळमात्र शंका नसताना..." आणि तो थांबला. "काकू, काकाजी मला काढून टाकतायत का?"

"नाही रे. तुझा विमा आहे का, एवढंच विचारायचंय त्यांना."

"लो, एवढंच ना काकू? आहे की. मजुरांचा पण आहे, बाजूवाल्याच्या नुकसानीचा पण. नंबर तर मी माप घ्यायला आलो त्याच दिवशी लिहून ठेवलाय."

"कुठे?" दाराआडून आवाज आला.

"भिंतीवर. अपना सगळा हिसाब भिंतीवरच असतो."

तेवढ्यात आतून धडाम असा आवाज आला. वासुदेव नावाच्या मजुराचे पोहे सगळ्यांच्या आधी संपले होते.

सगळे धावले. भिंत उभी होती, पण थाळीएवढं प्लास्टर खाली पडून त्याचे तुकडे झाले होते. नंबराचे पहिले चार आकडे वर, बाकीचे जमिनीवर.

"पॉलिसीचा कागद असेल ना तुझ्याकडे?" वसुधाबाईंनी विचारलं.

"घरी आहे. घरचे गेलेत मानपुरला लग्नाला, कपाटाची चाबी घेऊन."

"मग एजंटला फोन कर."

मनीषने जमिनीकडे बोट दाखवलं. "त्याचा नंबर पण इथेच होता."

पंढरीनाथ खाली बसले. फाटलेली पानं जोडण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, चिमटा मागवला, मऊ ब्रश मागवला.

"कुणी शिंकू नका," ते म्हणाले. हा हुकूम होता हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं.

प्लेटा हातात धरून माणसं भोवती उभी राहिली. एकेक तुकडा जागेवर बसू लागला.

"काकाजी, हा सात आहे," मनीष म्हणाला.

"एक आहे. तुमच्या साताला पोटात आडवी रेघ असते. वर टाइलवाल्याच्या नंबरात बघा."

मनीषने पाहिलं. "अक्षर माझं, पण वळखलं यांनी."

शेवटचा आकडा मात्र सापडेना. वर्तमानपत्र झटकलं, वासुदेवच्या चपलाही उलट्या करून पाहिल्या. अखेर वसुधाबाई वासुदेवला म्हणाल्या, "तुझी प्लेट दाखव बघू." रिकामी प्लेट त्याने भिंतीपाशी ठेवली होती. उरलेल्या शेवेवर प्लास्टरचा चुरा, आणि चुऱ्यात पेन्सिलीचा नऊ असलेली खपली.

"मला वाटलं जीरावन जास्त पडलं," वासुदेव म्हणाला.

पंढरीनाथांनी दहावा मसुदा उभ्याउभ्याच लिहिला. 'स्वयंपाकघराची भिंत आज पाडणार आहोत. घरात आम्ही राहणार आहोत. ठेकेदाराचा विमा आहे.' खाली नंबर. वाचून पाहिलं, फारच उद्धट वाटलं. त्यांनी ते तसंच पाकिटात घातलं.

"काकाजी येईपर्यंत कुणी हातोडा उचलायचा नाही," मनीषने बजावलं. वसुधाबाईंनी पुन्हा पोहे टाकले.

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीच्या फळीवर पाकीट ठेवल्यावर पंढरीनाथांना आठवलं, पत्रात 'कृपया' राहिलं. त्यांनी पाकीट परत घ्यायला हात पुढे केला. खिडकीतल्या बाईंना वाटलं, काका पाकीट आत सरकवतायत. त्यांनी ते ओढून घेतलं, पावती काढली आणि पाकिटावर दणकन शिक्का मारला.

पंढरीनाथांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि घरी फोन लावला.

"मनीषजी," ते म्हणाले, आणि खिडकीतल्या बाईंनी वर पाहिलं इतक्या मोठ्याने म्हणाले, "फोडा."